आजीच्या हनुवटीवरचे गोंदण

सांगलीच्या गावभागात आईचे घर आहे. त्या घरात देवघराला लागून असलेल्या भिंतीवर माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, एक तसबीर कितीतरी वर्षे टांगलेली होती. नऊवारी लुगडे, डोक्यावरून पदर, मांडीवर दोन वर्षांची आई, आणि मागे मिरजेच्या कुठल्याशा स्टुडिओतला कमानी रंगवलेला पडदा. फोटो १९५२ सालचा. आई नऊ वर्षांची असताना आजी गेली. तिचा त्याआधी कोणी फोटो काढला नव्हता आणि त्यानंतर काढायचे राहून गेले. तेव्हा आईला आपली आई दिसते ती या एका कागदावर. बाकी जे आहे ते आठवणीत, आणि आठवणीचे काय, ती दर वर्षी थोडी थोडी विटत जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली, आणि गावभागातल्या कित्येक घरांप्रमाणे आमच्या घरातही डोक्याच्या वर पाणी चढले. आई विश्रामबागेत माझ्याकडे होती, म्हणून जिवावरचे वस्तूंवर निभावले. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तो घोटाभर चिखल, आणि त्यात भांडी, पुस्तके, गाद्या यांचा काला झालेला. तसबीर मात्र खिळ्यालाच होती. चौकट उघडली तर फोटो आतून काचेला चिकटलेला. मी तो ओढला. चर्र असा आवाज झाला. आजीचा डावा गाल, कानाची पाळी आणि पदराचा काठ काचेवरच राहिले. माझ्या हाती आला तो उरलेला कागद.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नसतो, हे मला नंतर कळले. तो तसाच राहू द्यावा आणि काचेवरूनच त्याचा नीट फोटो काढून घ्यावा. फोटोंचा ओला गठ्ठा हाती आला तर तो तसा वाळू देऊ नये. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असते, ते वाळताना डिंकासारखे धरून बसते. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक फोटो हलक्या हाताने सुटा करावा. नदीकाठच्या वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. आईला मी सांगितले, “पुराने नेला गं गाल.” आणि काच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली.

आता मूळ विषयाकडे वळते. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. हरिपूरच्या संगमावरचे पहाटेचे धुके, घाटावरच्या पायऱ्या, पेठेतली हळद. २०१६ साली हप्त्याने कॅमेरा घेतला तेव्हा वाटले होते की झाला एवढाच खर्च. पण पेठेतल्या हळदीचा फोटो घरी येऊन पाहावा तर ती मोहरीसारखी दिसे! सावलीत निळसर, उन्हात तांबूस. मग कोणी सांगितले, “मॅडम, रॉ फाइल काढा आणि घरी सॉफ्टवेअरवर सुधारा.” रॉ म्हणजे काय, तर कॅमेऱ्याने टिपलेला कोरडा शिधा. आपण नेहमी पाहतो ती जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या मर्जीने रांधून वाढलेले ताट. ताटात मीठ जास्त झाले तर काढता येत नाही. शिधा घरी आणला की हळद किती घालायची ते आपल्या हाती राहते. पण शिध्याला चूल हवी, भांडी हवीत. ती चूल म्हणजे हे सॉफ्टवेअर. कोणते घ्यावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून लागला आणि पुरती काही वर्षे पुरला.

सल्ला देणाऱ्यांची उणीव आपल्याकडे कधीच नसते. पुण्याला शिकणारी आमची कन्या म्हणाली, “आई, फोटोशॉप. दुसरं काही बघूसुद्धा नकोस.” तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. टॉमस नोल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९८७ च्या सुमारास आपल्या संगणकावर करड्या छटांची चित्रे दिसावीत म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतल्या चमत्कृतींच्या कंपनीत होता. त्याने त्यात काय दडले आहे ते ओळखले, आणि १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉप बाजारात आले. आज या सॉफ्टवेअरचे नाव नामाचे क्रियापद होऊन बसले आहे. आमच्या वर्गातल्या मुलीसुद्धा ‘फोटोशॉप केलंय’ असेच म्हणतात. व्याकरणाच्या तासाला मी हे उदाहरण आनंदाने वापरते.

मी सात दिवसांची फुकट चाचणी घेऊन पाहिली. अवजार उत्तम आहे, यात शंका नाही. पण २०१३ पासून कंपनीने ते कायमचे विकण्याचा मार्ग सोडला आणि भाड्याने देण्याचा धरला. दर महिन्याला पैसे भरा आणि वापरा. ज्याचा हा पोटाचा धंदा आहे त्याला ते परवडते, किंबहुना सोयीचे पडते. नवे नवे सुधारलेले रूप आपोआप मिळते. आमच्या घरी मात्र यजमानांनी एकच प्रश्न विचारला, “वर्षातून किती दिवस बसतेस तू या कामाला?” मी खरे ते सांगितले. पेपर तपासणी, परीक्षा, सणवार वजा जाता तीस दिवस. “म्हणजे चार दिवसांच्या लग्नासाठी बारा महिने मंगल कार्यालय अडवायचं!” बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाशी या बाबतीत वाद घालू नये.

भाड्याच्या घराला आणखी एक बाजू असते. भाडे थांबले की आपले सामान कुठे राहते? याचे उत्तर प्रत्येक सॉफ्टवेअरमागे वेगळे आहे आणि घेण्यापूर्वी ते विचारले पाहिजे. लाइटरूम क्लासिकमध्ये वर्गणी संपली तरी आपला संग्रह उघडतो, पाहता येतो, बाहेर काढता येतो, पण रंग-प्रकाश सुधारण्याचा विभाग बंद होतो. म्हणजे घर पाहायला मिळते, स्वयंपाकघराला मात्र कुलूप. शिवाय फुकट किंवा विकत घेतले म्हणून ते जन्मभर पुरते असेही नाही. लोकांनी हौसेने घराघरांत वापरलेले पिकासा २०१६ साली बंद झाले. ॲपलचे ॲपर्चर त्याआधीच गेले. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. मूळ फोटो आणि तयार फोटो, दोन्ही कोणालाही उघडता येतील अशा सर्वसामान्य प्रकारात, वेगळ्या डिस्कवर ठेवायचे. उद्या चूल विझली तरी अन्न आपल्या फडताळात असावे.

भाच्याचा सल्ला सोपा होता. “मावशी, क्रॅक टाकून देतो. दहा मिनिटांत!” चोरीची प्रत म्हणजे संगणकात कोणते विंचू शिरतील याचा भरवसा नाही, हे तर आहेच. पण गाइडातून उतरवून काढलेल्या प्रबंधांवर लाल रेघा मारणाऱ्या बाईने घरी चोरीचे सॉफ्टवेअर वापरायचे, हे मला कसे जमावे?

याच भाच्याने २०२३ च्या दिवाळीत मला खरा धडा दिला, तोही नकळत. भाऊबीजेला सगळे जमले होते. आजीच्या फाटक्या फोटोवरून गोष्ट निघाली. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढला, कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि दहा सेकंदांत फोन आईपुढे धरला. गाल भरून आला होता. डाग गेले होते. कातडी नितळ, डोळे पाणीदार, कानात लोंबता झुमका. घरातली सगळी मंडळी ‘अय्या, काय सुंदर!’ म्हणून फोनभोवती गोळा झाली. आईने चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, “बाई छान आहे. पण कोण ही?”

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, “हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं गं?”

मी परत फोटो पाहिला. खरेच, हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके नाहीसे झाले होते. यंत्राची त्यात लबाडी नाही. त्याला लाखो चेहरे दाखवून शिकवलेले असते. फाटलेल्या जागी ‘इथे बहुधा काय असेल’ याचा अंदाज करून ते चित्र काढते. काळा ठिपका दिसला की तो डाग समजून पुसते. पुराच्या चिखलाचा ठिपका आणि सुईने टोचून घेतलेला ठिपका यांतला फरक त्याला कोण सांगणार? ज्या फोटोंची शेकड्यांनी नक्कल आहे त्यांना हा अंदाज चालून जाईल. जिचा एकच फोटो आहे तिच्या बाबतीत मात्र पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटेल. माझ्या नातवंडांची पणजी झुमके घालणारी कोणी परकी बाई होऊन बसेल.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला या प्रकाराचे नाव शोधावे लागत नाही. त्याला आम्ही प्रक्षेप म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला करणाऱ्यांनी आपापल्या ओव्या घुसडल्या, शब्द बदलले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि शेवटी लोकांना बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. घुसडलेली ओवी वाईट असते असे मुळीच नाही. कित्येकदा ती चांगली गोड असते. ती ज्ञानदेवांची नसते, एवढेच. वर्गात मी हे वीस वर्षे शिकवते आहे. भाऊबीजेच्या दिवशी ते माझ्या घरात घडले तेव्हा प्रथम मला त्याचा नीट अर्थ लागला.

तेव्हापासून माझा सॉफ्टवेअरचा शोध बदलला. आतापर्यंत मी विचारीत होते, ‘यात काय काय होते?’ आता विचारू लागले, ‘हे करताना मूळ शाबूत राहते का, आणि मी केलेले मला उद्या उलगडून पाहता येते का?’

मध्यंतरी एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. ऐंशी उलटलेले. त्यांचे उभे आयुष्य एका स्टुडिओत रिटचिंग करण्यात गेले. निगेटिव्हवर आधी एक चिकटसर द्रव चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग कठीण शिशाच्या पेन्सिलीला पॉलिशकागदावर सुईसारखे टोक काढायचे, आणि खालून उजेड घेऊन ठिपक्या-ठिपक्याने चेहऱ्यावरचे वण भरायचे. निगेटिव्हमध्ये वण पांढरा दिसतो ना! “गिऱ्हाईक म्हणायचं, गोरं करा. आम्ही करायचो,” ते हसून म्हणाले. “पण गेलेल्या माणसाचा फोटो असला की घरातलं एक माणूस शेजारी बसवून घ्यायचो. आम्हाला काय ठाऊक, तीळ कुठला आणि डाग कुठला?” माझ्या मते सगळ्या सल्ल्यांत हा सल्ला शहाणपणाचा होता, आणि त्यात सॉफ्टवेअरचे नावही नव्हते.

शेवटी मी दोन चुली मांडल्या. कॅमेऱ्यातल्या रॉ फाइलींसाठी डार्कटेबल, आणि आजीच्या फोटोसाठी गिंप. दोन्ही फुकट आहेत. नुसती फुकटच नव्हे तर मुक्त आहेत, म्हणजे त्यांची घडण सर्वांना पाहायला खुली आहे. गिंपचा आरंभ १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केला, आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ते घडवीत आले आहेत. डार्कटेबल मूळ फाइलीला हात लावीत नाही. आपण काय काय बदल केले याची टिपणी ते शेजारच्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते, जशी चांगल्या संपादकाची तळटीप असावी. हळद अखेर हळदीसारखी दिसू लागली.

यांत दोष नाहीत असे मी सांगणार नाही. डार्कटेबलची बटणे पहिल्या दिवशी विमानाच्या यंत्रकक्षासारखी वाटतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते कण्हत कण्हत चालते. गिंपमध्ये पूर्वी एखादा परिणाम दिला की तो चित्रात मुरून जाई. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा कुठे तो वेगळा ठेवून पुन्हा बदलण्याची सोय झाली. ज्याला शिकायला मुळीच वेळ नाही आणि फोटो मोबाइलवरचेच आहेत त्याने स्नॅपसीडसारखे साधे ॲप वापरावे आणि सुखी असावे. विकत घ्यायचे अफिनिटीही ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅन्व्हा कंपनीने फुकट केले, फक्त त्यांचे खाते उघडावे लागते. आज सुरुवात करणाऱ्याने तेही पाहावे. माझे काम तोवर गिंपमध्ये होऊन गेले होते, आणि जमलेला हात बदलावासा वाटला नाही.

काम झाले ते २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत. फोटो स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपके या मापाने घेतला, टिफ प्रकारात. मग माळ्यावर चढून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती काच खाली काढली. सहा वर्षे ती तिथे होती. आईपुढे ठेवताना मला सांगावेच लागले की गाल पुराने नेला नव्हता.

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “मी सोप्यातच होते की. आवाज ऐकला मी.”

याहून अधिक ती काही बोलली नाही. काच हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “कुडी! अगं, ही तिची मोत्याची कुडी!” काचेला चिकटलेल्या त्या नखाएवढ्या तुकड्यात कानाची पाळी होती, आणि पाळीत कुडी. झुमका नव्हे.

काचेच्या मागे पांढरा कागद धरला, खिडकीच्या मंद उजेडात तिपाईवर कॅमेरा लावला आणि त्या तुकड्याचा रॉ फोटो काढला. काचेवरची चमक टाळायला उजेड समोरून न घेता बाजूने घ्यावा लागतो, त्यात एक आख्खी दुपार गेली. मग गिंपमध्ये तो तुकडा आजीच्या चेहऱ्यावर एका वेगळ्या थरात ठेवला. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. खालच्या कागदावर मूळ फोटो, त्याला कोणी शिवायचे नाही. वरच्या कागदावर काचेवरचा गाल. त्याच्यावर डागदुरुस्ती. डोळ्याचे बटण दाबले की कोणताही कागद दिसेनासा होतो, पुन्हा दाबले की येतो. तुकडा थोडा लहान केला, अंशभर फिरवला, एक कोपरा किंचित ताणला. गालाची रेघ गालाला मिळाली तेव्हा आईने माझ्या दंडाला घट्ट धरले होते.

पुढचे पंधरा दिवस रात्रीची जेवणे झाली की आई खुर्ची ओढून शेजारी बसे. मी चित्र मोठे करी आणि ठिपक्यावर बाण नेई. “हा?” “चिखल.” “हा?” “तोही चिखल. पूस.” “हा?” “थांब. तो राहू दे.” पुसण्यासाठी गिंपमध्ये एक अवजार आहे, ते शेजारच्या जागेचा पोत उचलून डागावर बसवते आणि उजेडाशी जुळवून घेते. एका वेळी एकच डाग घ्यायचा. सगळा फोटो एकदम स्वच्छ करणारे बटण समोरच होते, त्याला आम्ही हात लावला नाही. तुकड्याच्या कडेला काही ठिकाणी कागद पार खरवडून गेला होता. तिथे मी काहीच काढले नाही, शेजारच्या करड्या छटेने नुसते भरले. जवळून पाहिले तर कळते. कळावे.

हनुवटीपाशी मात्र आम्ही अडलो. तिथे चार ठिपके दिसत होते. आई म्हणाली, गोंदण तीन ठिपक्यांचे होते. चौथा जरा कडेला आहे, त्याच्या आसपास चिखलाचे शिंतोडेही आहेत. मी तो पुसायला घेतला, पण हात धजेना. हुबळीला मावशीला फोन लावला. मावशी आईहून सात वर्षांनी मोठी, कान थोडे जड, बाकी लख्ख. ती म्हणाली, “चार! मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खालून बघत निजायची. चारच होते. ती तान्ही होती, तिला काय कळतंय?” ही तान्ही आता पंच्याहत्तर वर्षांची आहे, आणि तिने फोन माझ्या हातून घेऊन मोठ्या बहिणीला ठणकावून सांगितले की तीन.

दोघी बहिणी त्यावर तासभर बोलल्या. चौथ्या ठिपक्यावरून गोष्ट आजीच्या हातच्या कटाच्या आमटीवर गेली, तिथून विहिरीवर, तिथून मी कधीच न ऐकलेल्या एका आत्याबाईंवर. मी लॅपटॉप मिटून ऐकत बसले.

स्टुडिओतून दोन प्रती छापून आणल्या. तीन ठिपक्यांची देवघराशेजारी, त्याच खिळ्याला, या वेळी काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून, म्हणजे पुन्हा चिकटायला नको. चार ठिपक्यांची हुबळीला पाठवली. गिंपच्या फाइलीत तो ठिपका त्याच्या स्वतःच्या थरावर आहे. थराला नाव दिले आहे, ‘चौथा, मावशी’.